मौनाची मुदत

मित्रांनो, कुणाचे गप्प बसणे तुम्ही कधी कान देऊन ऐकले आहे का? माझे गप्प बसणे बारा देशांची सरकारे कान देऊन ऐकत असत. आज मी बोलायचे म्हटले तरी सोय नाही, कारण माझी तार मुळापासून कापली आहे. मी एक जुना टेलिप्रिंटर आहे. दूरवरून तारेने आलेला मजकूर कडकड आवाज करीत कागदावर उमटवायचा आणि इथला मजकूर दूरवर धाडायचा, हे माझे काम होते.

माझी सारी हयात गुप्त संदेशांत गेली, त्यामुळे देशांची नावे सांगायला जीभ रेटत नाही. माझा देश म्हणजे युरोपच्या पश्चिमेच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून बसलेला, खारवलेला मासा आणि कोबीचे सूप यांवर जगणारा एक लहानसा देश, एवढे समजा. राजधानीत नदीच्या वर चढावावर परराष्ट्र खात्याची गुलाबी इमारत होती. तिच्या तळमजल्यावर लोखंडी दाराच्या आत माझी खोली होती. खिडकीला गज होते आणि गजांतून बोटी दिसत.

मी एकुलता एक नव्हे. आम्ही बारा भावंडे एकाच कारखान्यात, एकाच तेलाच्या वासात वाढलो आणि बारा राजधान्यांत जाऊन बसलो. मग आयुष्यभर आम्ही एकमेकांशी बोललो, पण एकमेकांचे तोंड पुन्हा पाहिले नाही. आम्हाला कशासाठी बनवले होते ते सांगतो. या बारा देशांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची डोकी फोडली होती. शेवटी दमून त्यांनी ठरवले की आता बाहेरच्या जगाशी बोलायचे ते एका तोंडाने. कुठे युद्ध पेटले, कुठे कुणावर जुलूम झाला, तर काय करायचे ते बाराजणांनी मिळून ठरवायचे. अकरा जण हो म्हणाले आणि एक नाही म्हणाला, की घोडे अडले. आळीपाळीने एकेक देश यजमान होई, मसुदा लिहून सर्वांना धाडी आणि उत्तराची वाट बघत बसे.

बाराजणांच्या तोंडून हो वदवणे किती कठीण! कुणाला घरच्या मतदारांची भीती, कुणाची जुनी मैत्री आड येई. म्हणून या लोकांनी एक युक्ती काढली. तुमच्याकडे मौन म्हणजे संमती असे म्हणतात ना, त्याचा यांनी चक्क कायदा केला. मसुद्याखाली मुदत लिहिलेली असे, बहुतेकदा दुपारी बाराची. तोवर कुणीही काही बोलले नाही, तर मसुदा मंजूर. ज्याला तोंडाने हो म्हणणे परवडत नसे, तोही गप्प राहून हो म्हणू शके. पण एकाने जरी तोंड उघडले, मग ते कशासाठीही असो, तर मौन मोडले आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या खोलीची मालकीण होती एर्मेलिंडा. ठेंगणी, चपळ, जिभेला धार असलेली बाई. रोज सकाळी ती मला मऊ फडक्याने पुसायची आणि मग कॉफीचा इवलासा कप माझ्याच डोक्यावर ठेवायची. तसे करायला सक्त मनाई होती. माझ्या झाकणावर त्या कपाचा तपकिरी गोल डाग पडला, तो अजून गेलेला नाही. तिचे साहेब होते डॉक्टर अब्रांतेश. मित्रांनो, त्यांच्याकडे औषध मागू नका. त्या देशात चार बुके शिकलेल्या प्रत्येकाला डॉक्टरच म्हणतात, आणि मानाने हाक मारायच्या बाईला डोना.

मुदतीची शेवटची पंधरा मिनिटे आली, की आमच्या खोलीत कुणी अवाक्षर काढत नसे. खोलीतले बोलणे माझ्या तारेतून जाणार थोडेच होते? तरी पण तसा रिवाज पडला होता. एकदा डॉक्टरांनी नेमक्या त्या वेळी खोकल्याची गोळी काढली आणि तिचा कागद चुरचुरला. एर्मेलिंडाने असे पाहिले की त्यांनी ती गोळी कागदासकट मुठीत धरून ठेवली. बारा वाजले, माझी घंटी वाजली नाही, की ती खुर्चीत मागे टेकून म्हणायची, "झालं. बोला आता." मग सगळे एकदम बोलू लागत.

ते दिवस चांगले होते. एका दूरच्या देशात एका शिक्षिकेला फाशी ठरली होती. बाराही देश मुदतभर गप्प राहिले आणि त्यांचे एकमुखी निवेदन गेले. ती बाई सुटली. तिला कुठे ठाऊक की तिच्यासाठी एक यंत्र दम धरून बसले होते! त्या दिवशी एर्मेलिंडाने माझ्या डोक्यावर कपाऐवजी लिंबाचा केक ठेवला आणि डॉक्टर माझ्या अंगावर थाप मारून म्हणाले, "शाबास रे पठ्ठ्या, काही न केल्याबद्दल." इतके कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही.

मग डोंगराळ मुलखात युद्ध पेटले. एका देशाची शकले होत होती. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर जाळले. बारा देशांनी ठरवले की तिथे आपले निरीक्षक पाठवायचे. हत्यार नाही, अंगावर नखशिखान्त पांढरे कपडे आणि गळ्यात दुर्बीण. आमच्या देशातून जे गेले त्यांत एर्मेलिंडाचा धाकटा भाऊ व्हाल्देमार होता. आई लवकर गेली, म्हणून एर्मेलिंडानेच त्याला पाव आणि सूप खाऊ घालून वाढवले होते. तो सैन्यात कॅप्टन झाला तेव्हा तिने साऱ्या गल्लीत सार्डिन मासे भाजून वाटले होते. या कामासाठी त्याचे नाव सुचवले होते ते डॉक्टरांनी, कारण तो शांत डोक्याचा होता आणि त्याला तिकडची भाषा थोडी येत होती.

निघायच्या दिवशी तो आमच्या दारात उभा राहिला. परक्याने आत यायचे नसते. पहारेकऱ्याने शहाणपणाने तोंड फिरवले.

"आइस्क्रीमवाला दिसतोयस," एर्मेलिंडा म्हणाली.

"पांढरं लांबून दिसतं, ताई. दिसलं की गोळी घालत नाहीत."

"कोणी सांगितलं?"

"ब्रुसेल्सने. बाराजणांच्या मुख्य कचेरीने."

"ब्रुसेल्सला कधी कुणी गोळी घातली नाही, म्हणून त्याला सगळं माहीत. आणि तिथे जाऊन करणार काय तू?"

"बघणार."

"नुसतं बघणार?"

"बघितलेलं लिहिणार. ते तुझ्या या खोक्यातून येईल. तुझे साहेब लोक वाचतील आणि मग काहीतरी करतील."

तिने त्याची कॉलर सरळ केली. तो खोका म्हणाला याचा मला राग आला नाही. त्याने माझ्यावर भरवसा टाकला होता.

त्याचे अहवाल रेडिओने ब्रुसेल्सला आणि तिथून माझ्याकडे येऊ लागले. नदीकाठचे एक गाव होते. तिथे तो आणि त्याचे तीन सोबती राहत होते. हिवाळा लागला तसे डोंगरावरच्या बंदूकवाल्यांनी गावाला वेढा घातला. अहवाल आखूड होत गेले. पूल उडवला. पिठाचा साठा संपला. लोक शाळेच्या तळघरात राहायला गेले आहेत. निरीक्षकांना वाट देतो, निघून जा, असा निरोप डोंगरावरून आला होता. चौघांनीही नकार दिला, कारण ते निघाले की पाहणारे कुणी उरणार नव्हते. तो कागद फाडून घेताना एर्मेलिंडा म्हणाली, "लहानपणीही असाच होता. जेवायला ये म्हटलं की मांजरीला घेऊन येतो म्हणायचा."

बंदूकवाल्यांनी जाहीर केले की शनिवारी आम्ही गावात शिरणार. त्यांचा म्होरक्या रेडिओवर हसत म्हणाला होता की युरोपची बारा तोंडे कधी एका सुरात बोलणार नाहीत, बोललीच तर बघू. त्याला भीती होती ती याच एका गोष्टीची, कारण त्याला तेल आणि गोळ्या पुरवणाऱ्यांचा सगळा माल बारा देशांच्या बंदरांतून जात होता.

गुरुवारी यजमान देशाचा मसुदा आला. त्यात भडक भाषा नव्हती. गावाची आणि निरीक्षकांची वाट खुली करावी, अन्यथा बाराही देश आपली बंदरे त्या पाठीराख्यांना बंद करतील. बस. मौनाची मुदत शुक्रवार, दुपारी बारा. बारांतला एक देश त्या बंदूकवाल्यांच्या बाजूचा जुना स्नेही होता. त्याची मनधरणी करता करता यजमानाच्या नाकी नऊ आले होते. शेवटी तो एवढेच म्हणाला की हो म्हणणार नाही, पण बोलणारही नाही. तेवढ्यावर सारा डोलारा उभा होता.

शुक्रवारी साडेअकरा वाजले होते. मी गप्प होतो. एर्मेलिंडा तो मसुदा पुन्हा वाचत होती. तिचा रात्रभर डोळा लागला नव्हता, ते तिच्या हातांवरून मला कळत होते.

"डॉक्टर, यात लिहिलंय, निरीक्षकांबद्दल चिंता वाटते."

"हो."

"माझा भाऊ तळघरात बसलाय आणि यांना चिंता वाटते. मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईच्या कुत्र्याबद्दलसुद्धा चिंता वाटते."

"डोना एर्मेलिंडा, बंदरांचं वाक्य महत्त्वाचं आहे. त्यात दात आहेत."

"बंदरं बंद व्हायला आठवडे लागतील. उद्या शनिवार आहे. एक वाक्य घाला. निरीक्षकांच्या केसाला धक्का लागला तर विमानं पाठवू, एवढंच."

"आपण बोललो की मौन मोडतं. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"आपण 'नाही' थोडंच म्हणतोय? आपण हो म्हणतोय. जरा मोठ्यांदा म्हणतोय. हो म्हणणाऱ्यावर कोण रागावणार आहे?"

डॉक्टर खिडकीशी गेले. एक बोट नदीतून पलीकडे चालली होती, तिच्याकडे पाहत राहिले. व्हाल्देमारचे नाव आपणच सुचवले, हे त्यांच्या मनात असणार. ते वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "सूचना म्हणून घाला. कुणाला नको असेल तर मागे घेऊ. लिहा."

तिने लिहिले. तिची बोटे इतक्या वेगाने माझ्या बटणांवरून कधी पळाली नव्हती. मित्रांनो, मला अडायला आले असते तर मी अडलो असतो. कागद गुरफटतो, पट्टी तुटते, यंत्रांना शंभर आजार होतात. पण तिने मला इतके नीट पुसून, तेल घालून ठेवले होते की मी लोण्यासारखा चाललो.

थोड्याच वेळात माझी घंटी वाजली. उत्तरेकडचा एक देश लिहीत होता की विमानांविषयी आम्हाला आमच्या संसदेला विचारावे लागेल. घंटी पुन्हा वाजली. आणखी एकाला आणखी एक वाक्य सुचले होते. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा तो स्नेही देश बोलला. मजकूर पुन्हा खुला झाल्याने आम्हीही बोलण्यास मोकळे आहोत, बंदरे बंद करण्यास आमची संमती नाही.

"मागे घ्या," डॉक्टर म्हणाले. "लिहा, आम्ही आमची सूचना विनाअट मागे घेतो." तिने लिहिले. पण मौन काही पोस्टाचे पाकीट नव्हे की चुकून फोडले आणि पुन्हा चिकटवले. डॉक्टरांनी त्या देशाला फोन लावला. त्यांचे बोलणे मी ऐकत होतो. "तुम्ही तर गप्प बसणार होतात ना, साहेब?" पलीकडच्या माणसाचा आवाजही थकलेला होता. तो म्हणाला, "तुम्ही गप्प बसला असता तर आम्हीही बसलो असतो."

बाराच्या सुमारास यजमानाचा शेवटचा संदेश आला. एकमत होऊ शकले नाही, विषय सोमवारच्या बैठकीत घेण्यात येईल. मुदत संपली होती, पण एर्मेलिंडा "झालं, बोला आता" म्हणाली नाही. माझ्यातून निघालेला कागद जमिनीवर तिच्या पायांशी गोळा झाला होता आणि ती त्यावर उभी होती.

दुपारी व्हाल्देमारचा प्रश्न आला. गावकरी विचारताहेत, त्यांना काय सांगू? ब्रुसेल्सने उत्तर दिले की सोमवारी बैठक आहे. त्याची एक प्रत आमच्याकडे आली. त्यावर त्याने दोनच शब्द पाठवले. "सोमवार. समजले."

शनिवारी बंदूकवाले गावात शिरले. पांढरे कपडे खरोखरच लांबून दिसत होते. शाळेच्या तळघराच्या पायऱ्यांवर चौघेही सापडले, दाराकडे पाठ करून, म्हणजे आतल्या माणसांच्या आणि बंदुकांच्या मध्ये. आतली माणसेही वाचली नाहीत. हा मजकूरही मीच छापला, रविवारी, एर्मेलिंडासमोर. सुट्टी असून ती आली होती. मला थांबता आले नाही. मी एकेक अक्षर उमटवत गेलो आणि ती एकेक अक्षर वाचत गेली.

सोमवारी बैठक झाली. विषयपत्रिकेवरचा विषय तेवढा बदलला होता. वेढा उरला नव्हता, त्यामुळे आता शोक व्यक्त करायचा होता. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. मसुदा आला, त्यात चार नावे होती आणि तीव्र दुःख होते. मौनाची मुदत मंगळवार, दुपारी बारा.

एर्मेलिंडा त्या मंगळवारीही कामावर आली. काळा झगा घातला होता. डॉक्टरांनी तिला घरी जा म्हटले, ती ऐकेना. शेवटची पंधरा मिनिटे सुरू झाली. ती माझ्यासमोर बसली आणि तिने एक बोट माझ्या बटणावर टेकवले. दाबले नाही, नुसते टेकवले. मला वाटत होते, दाब, बाई, एकदा दाब. काहीही लिही. या अकराजणांना सांग की तुम्ही या शोकात किती नीट गप्प बसला आहात. पण तिने एकदा मौन मोडून पाहिले होते. बारा वाजले. बाराही देशांतून एक शब्द आला नाही. निवेदन एकमताने मंजूर झाले.

डॉक्टरांनी खोकल्याच्या गोळीचा कागद हळूच सोडवला.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. जाताना तिने मला पुसले, पण कप ठेवला नाही. डॉक्टरांची एका लांबच्या बेटावर बदली झाली. त्यांनीच मागून घेतली म्हणे. नव्या माणसांना माझी खडखड नकोशी झाली. संगणक आले, त्यांचे मौन तर ऐकूही येत नाही. माझी तार कापली, मला जिन्याखाली ढकलले, तिथे एका मांजरीने माझ्या कागदाच्या टोपलीत पिल्ले घातली. पुढे कुणाला तरी इतिहासाची हुक्की आली आणि मला वरच्या दालनात एका चौथऱ्यावर बसवले. बाजूच्या पाटीवर लिहिले आहे की या यंत्राने राष्ट्रांच्या ऐक्याची सेवा केली. लिहिणाऱ्याचे अक्षर सुंदर आहे.

परवा एका शाळेची सहल आली होती. मुलांनी माझ्यावर झडप घातली आणि सगळी बटणे खडाखडा वाजवली. त्यांच्या बाई ओरडल्या, "हात लावू नका, गप्प राहा." त्या गर्दीमागे एक म्हातारी काठी टेकून उभी होती. ती पुढे आली, माझ्या झाकणावरच्या तपकिरी गोलावर तिने अंगठा फिरवला. हात सुरकुतले होते, पण तो अंगठा मी कसा विसरेन?

"वाजवू दे त्यांना," ती बाईंना म्हणाली. "आता याने काही मोडत नाही."

एका मुलीने विचारले, "आजी, यातून अजून काही पाठवता येतं का?"

"कुणाला पाठवायचंय?"

"कुणालाही."

एर्मेलिंडाने थोडा विचार केला. "नाही, बाळ," ती म्हणाली. "तिकडे आता कुणी वाट बघत नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना तुमच्याकडे काहीतरी मागतात. कुणी तेल मागते, कुणी रंग मागते. मला यातले काही नको. बोला म्हणून सांगावे, तर बोलण्याने काय झाले ते मी पाहिले आहे. गप्प राहा म्हणून सांगावे, तर तो मंगळवारही मी पाहिला आहे. मला शहाणपण सुचत नाही. एकच मागणे आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, चारजण मिळून कुठेतरी गोल बसाल, मसुदे लिहाल आणि तुमच्यात एकमत होणार नाही. तेव्हा कुणी तळघरातून विचारले की लोकांना काय सांगू, तर त्याला सोमवार सांगू नका.